मिटवायचा अधिकार

कोर्टाच्या तारखेला फिर्यादी आणि आरोपी एकाच रिक्षाने जायचे. फिर्यादी म्हणजे माझे बाबा, आरोपी म्हणजे आमच्या समोरच्या खोलीतले काका, आणि दोघांच्या मधे डब्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी. घाटकोपरची टेकडी उतरेपर्यंत दोघं गावाकडच्या आंब्यांबद्दल नाहीतर स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलायचे. कोर्टाच्या फाटकाशी रिक्षा थांबली की काका आधी उतरायचे आणि बाबांचा हात धरायचे, "दादा, सांभाळून." तोच हात, ज्यावर काकांनी विळी मारली होती.

काका आमचे सख्खे कोणी नाहीत. दोन्ही घरं कोकणातल्या एकाच तालुक्यातली, आणि चाळीत दारासमोर दार. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनची नोकरी करून आता घरी बसलेले. काका पाणीखात्यात चावीवाले. पहाटे रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि ठरलेल्या गल्लीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. टेकडीवरच्या वस्तीत चावीवाल्याला नगरसेवकापेक्षा जास्त मान असतो. काकांनी त्या मानाचा कधी फुकटचा चहासुद्धा प्यायला नाही. हे सगळी चाळ जाणते, आणि सगळ्यांत जास्त बाबा जाणतात.

तरीही बाबा बोलून गेले. हरतालिकेची संध्याकाळ होती. काका गॅलरीत विळीवर, आमच्याकडच्या बोलीत आडाळ्यावर, बसून मोदकांसाठी नारळ खवत होते. त्या आठवड्यात वरच्या नळांना धड पाणी नव्हतं, घरात उद्या गणपती येणार, आणि बाबांच्या हातात रिकामी कळशी. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "खालच्या टॉवरवाल्यांकडून खाल्लंस वाटतं यंदा." काका उठले, आणि खालची विळीच उचलून फिरवली. विळी बाबांना कोपराखाली लागली. मी तेव्हा अंधेरीला ऑफिसात होते. मला फोन आला तोवर काकाच बाबांना रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेले होते. स्वतःच्या गणपतीसाठी आणलेलं नवं उपरणं त्यांनी बाबांच्या हाताला बांधलं होतं.

धारदार वस्तूची जखम म्हटली की डॉक्टर पोलिसांना कळवतातच. बाबांना टाके पडत होते तेव्हाच हवालदार आला. बाबा दुखण्याने आणि रागाने लाल झालेले. त्यांनी जबाब दिला, त्याच्या विळीने त्यानेच मारलं, आणि धार कशी होती तेही सांगितलं. पोलिसांनी विळी जप्त केली. काकांना पोलीस ठाण्यातच जामीन मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांत गणपती बसले. चार दिवस समोरासमोरची दारं बंद ठेवून आम्ही आरत्या केल्या.

पाचव्या दिवशी विसर्जनाआधी गाऱ्हाणं असतं. आमच्याकडे ही पद्धत आहे. चाळीतले सगळे गणपती खालच्या चौकात एकत्र ठेवायचे, आणि वयाने मोठ्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं. कोणाचं लग्न जमू दे, कोणाला नोकरी लागू दे, चुकलंमाकलं पोटात घाल. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्या चाळीचं गाऱ्हाणं बाबा घालतात. त्या वर्षी ते हात गळ्यात बांधून उभे राहिले, आणि काका नारळ घेऊन पुढे आले.

बाबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या दोघांमधी जा काय झाला, ता आज तुझ्या पायाकडे ठेवला. एकान जीभ सोडली, दुसऱ्यान हात सोडलो. ह्येच्या फुडे कोणी ता तोंडार आणूचा नाय."

"व्हय म्हाराजा," सगळी चाळ म्हणाली. काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मीही म्हटलं. नारळ फुटला, काकींनी माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं, आणि आमच्या दृष्टीने विषय संपला.

आमच्या दृष्टीने. इथेच तर सगळी वाट लागली. काही महिन्यांनी काकांना कोर्टाचं समन्स आलं. दुसऱ्या कोणी घाबरून वकील गाठला असता. काकांनी विचार केला, देवासमोर मिटलेल्या गोष्टीसाठी कोर्टात जायचं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होईल. ते गेले नाहीत. पुढच्या तारखेलाही गेले नाहीत. बाबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला कोणी सांगितलंच नाही, कारण सांगायचं म्हणजे झालेलं तोंडावर आणायचं.

मग एका पहाटे पोलीस काकांना रस्त्यातून घेऊन गेले. झाकण उघडं, चावी आत, आणि हातात वॉरंट घेतलेले दोन शिपाई. त्या दिवशी आमच्या गल्लीला पाणी आलं नाही, तेव्हा लोकांना कळलं की चावीवाल्याला उचललंय. मी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि बाबांना घेऊन कोर्टात गेले.

मॅजिस्ट्रेट बाई होत्या, माझ्याहून लहान असतील. चष्मा सारखा नाकावरून खाली येत होता आणि समोर फायलींचा ढीग होता. काकांची बाजू त्यांनी ऐकली, तारखा चुकवल्याबद्दल दम दिला आणि वॉरंट रद्द केलं. सगळं मिळून एक कप चहा होईल इतका वेळ. मला वाटलं, बाई समजूतदार आहेत, आता बाकीचंही इथेच आटपून टाकू. मी बाबांना कोपर मारलं. बाबा पुढे होऊन म्हणाले, "मॅडम, आमचं मिटलंय."

"आजोबा, तुमचं मिटलं असेल," त्या म्हणाल्या. "पण ही केस आता सरकारची आहे. आणि हे कलम मिटवायचा अधिकार मला नाही."

मी ते वाक्य त्या दिवसापासून किती वेळा मनात उगाळलं असेल. बाहेर आल्यावर काकांसाठी ठरवलेल्या वकिलाला मी धारेवर धरलं. तरुण पोरगा, पण समजावून सांगणारा. म्हणाला, "ताई, थोबाडीत मारली असती ना, तर मॅडमनी आत्ता इथल्या इथे मिटवून दिलं असतं. काही गुन्हे माणसं आपसात मिटवू शकतात, काही कोर्टाच्या परवानगीने. पण धारदार हत्यार आलं की दोन्ही बंद. आता रद्द करायचं तर हायकोर्ट."

"हत्यार कसलं? विळी आहे ती. घराघरात असते."

"कायद्याला ते कसं कळणार?"

मी एका कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. दिवसभर लोकांच्या तक्रारी बंद करते. ग्राहक म्हणाला की माझं समाधान झालं, तर मी विचारत बसत नाही की समाधान करून घ्यायचा तुला अधिकार आहे का. इथे ज्याला लागलं तो म्हणतोय मिटलं, ज्याने मारलं तो म्हणतोय चुकलं, आणि खुर्चीत बसलेली बाई दोघांचं खरं मानूनही म्हणते, माझ्या हातात नाही. ती एका सहीने माणसाला पहाटे रस्त्यातून उचलून आणू शकते. तीन वर्षं तुरुंगात पाठवू शकते. आणि दोन म्हाताऱ्यांना घरी जा म्हणू शकत नाही. मला राग बाईंचा नव्हता येत. कोणाचा येत होता हेच कळत नव्हतं, म्हणून तो आणखी येत होता.

"मग हायकोर्टात जाऊ," मी घरी आल्यावर म्हणाले. दोघांनी प्रतिज्ञापत्र करायचं, एकत्र जायचं, सांगायचं की आमचं भांडण नाही. वकील म्हणत होता की होतं असं पुष्कळदा.

बाबांनी पंख्याकडे बघत उत्तर दिलं, "मी देवाक सांगलंय. आता हायकोर्टाक कित्याक सांगू?"

"बाबा, काकांची नोकरी जाईल. दोषी ठरले तर खातं सोडणार नाही त्यांना. रिटायर व्हायला आलेत ते."

"म्हणान सांगतंय, गप रव गो. जितक्या ठिकाणी बोलशीत तितक्या ठिकाणी ता जित्ता होतला."

मी काकांच्या दारात गेले. काका म्हणाले, दादा म्हणतो तसं. मी दोघांवर ओरडले, दार आपटलं, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. माझ्या घरात आणि समोरच्या घरात एवढे हट्टी लोक असताना देशाला वेगळ्या कायद्याची गरजच काय होती, असं तेव्हा वाटायचं.

मग सुरू झाल्या रिक्षाच्या फेऱ्या. कधी पोलीस साक्षीला नाही, कधी सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी मॅडम रजेवर. आम्ही बाकावर बसून डबा खायचो. काकी बाबांसाठी कमी तिखटाची आमटी द्यायच्या. एकदा एका शिपायाने विचारलं, तुमच्यापैकी आरोपी कोण, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

शेजाऱ्यांच्या साक्षी चटकन झाल्या. एकाने सांगितलं मी आत होतो, दुसरीने सांगितलं माझी पाठ होती. सरकारी वकिलांनी दोघांनाही फितूर जाहीर करून घेतलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. मॅडमनी मान वर न करता लिहून घेतलं. रोजचंच होतं ते त्यांना. उरले बाबा. ज्याला लागलं त्याचीच साक्ष. वकिलाने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आजोबा, एवढंच म्हणा. संध्याकाळ होती, गर्दी होती, कोणी मारलं दिसलं नाही. निर्दोष सुटतील."

म्हणजे बघा. आमचं मिटलं, हे खरं कोर्टाला चालत नव्हतं. मला कोणी मारलं ठाऊक नाही, हे खोटं चाललं असतं. ते ऐकायला अधिकार होता, कागद होता, वेळ होता. मी तरीही बाबांना म्हणाले, बोला खोटं. हात जोडून म्हणाले. काकांचा पगार, काकींचं औषध, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर मांडलं. बाबा हूं की चूं करत नव्हते. मला वाटलं, पटलंय.

साक्षीच्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा घातला. पिंजऱ्यात उभं राहून देवाची शपथ घेतली, खरं सांगेन म्हणून. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या संध्याकाळी काय झालं?

बाबांनी सदऱ्याची बाही कोपराखाली ओढून घेतली.

पुन्हा विचारलं. बाबा मॅडमकडे बघून म्हणाले, "मॅडम, ता मी देवाच्या पायाकडे ठेवलंय. ता परत उचलूचा नाय."

"आजोबा, तुम्ही शपथ घेतली आहे. उत्तर द्यावं लागेल."

"शपथ घेतली म्हणान खोटा बोलणंय नाय. आणि खरा बोललंय तर शब्द मोडता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सरकारी वकील काहीतरी पुटपुटले, त्यांना त्यांनी हाताने थांबवलं. बराच वेळ त्या बाबांना समजावत होत्या, घरातल्या माणसाला समजवावं तसं. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. बाबा म्हणाले, आठवतं. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "उत्तर द्यायला नकार दिलात, तर तुम्हाला सात दिवसांपर्यंत आत ठेवायचा अधिकार मला आहे. मला तो वापरायला लावू नका."

बाबांनी ते नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तेका सोडूचो अधिकार नाय," ते म्हणाले, "आणि माका धरूचो आसा?"

मॅडमनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. काका आरोपीच्या जागेवर उभे राहिले होते. "मॅडम, मी मारलंय. आडाळ्यान मारलंय. दादाक कित्याक आत घालतास? माका घाला."

वकिलाने त्यांचा शर्ट धरून ओढला. मॅडम म्हणाल्या, आरोपीने गप्प राहावं, त्यांनी वकिलांशी बोलून घ्यावं, केस जेवणानंतर घेऊ. गुन्हा कबूल करायचा म्हणजे काय, नोकरीचं काय होईल, हे त्यांना नीट सांगा, असंही वकिलाला बजावलं. त्यांनी वाट करून दिली होती. काकांनी फक्त गप्प बसायचं होतं.

बाहेर बाकावर आमचं त्रिकूट बसलं. मी काकांना म्हणाले, कोणी बाबांना आत टाकणार नाहीये, त्या नुसत्या भीती घालत होत्या. काका म्हणाले, "आणि टाकलं तर? ह्या वयात? एकदा हात टाकला त्याच्यावर, पुरे झालं ना." डबा उघडला होता, पण कोणी खात नव्हतं.

बाबा चिडले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. "तू कित्याक तोंडार आणलंस? तू पण व्हय म्हाराजा म्हटललंस."

"शब्द तू दिललंस," काका म्हणाले. "मी नुसता व्हय म्हटललंय."

जेवणानंतर काकांनी गुन्हा कबूल केला. मॅडमनी तीनतीनदा विचारलं, कोणाचा दबाव आहे का, परिणाम समजतात का. काका प्रत्येक वेळी हो म्हणाले, दबावाच्या प्रश्नालासुद्धा, तेव्हा वकिलाने कपाळाला हात लावला. शेवटी बाईंच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं. दोषी ठरवलं, पण तुरुंगात पाठवलं नाही. एक वर्ष नीट वागेन असं लिहून द्यायचं, आणि त्यासाठी कोणीतरी जामीन राहायचं.

मी पर्स उघडून आधार कार्ड शोधेपर्यंत बाबा टेबलाशी पोचले होते. कारकुनाने मान खाली घालूनच विचारलं, "जामीनदाराचं आरोपीशी नातं?"

बाबा म्हणाले, "फिर्यादी."

कारकुनाने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, घ्या. हा अधिकार त्यांना होता, की त्यांनी तो त्या क्षणी घेतला, मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

वकील म्हणाला होता की अशा सुटकेमुळे नोकरीला धक्का लागता कामा नये, कायदाच तसं म्हणतो. कायदा पुष्कळ काही म्हणतो. महिनाभरात काकांकडून चावी काढून घेतली. निलंबन आणि चौकशी. चौकशी करणारा साहेबही म्हणाला म्हणे, मला सहानुभूती आहे, पण हे माझ्या अखत्यारीत नाही. हे ऐकून मी हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. काका पहाटे अजून उठतात. गॅलरीत उभे राहून नळाला पाणी कधी येतं ते बघतात, आणि उशीर झाला की नव्या पोराला शिव्या घालतात.

यंदा पुन्हा गणपती झाले. पाचव्या दिवशी सगळ्या मूर्ती चौकात आल्या आणि बाबा गाऱ्हाण्याला उभे राहिले. तळमजल्यावरच्या मुलीचं लग्न, कोणाचा मुतखडा, कोणाच्या मुलाची बारावी, एकेक करत सगळी चाळ देवापुढे मांडून झाली. चाळीतल्या प्रत्येकाच्या मनात एकच मागणं होतं आणि सगळे त्याची वाट बघत होते. बाबांनी तोंड उघडलं. काकांची नोकरी मागायची तर ती का गेली हे आलंच, आणि ते तर कोणी तोंडावर आणायचं नव्हतं. हे त्यांना तेव्हाच, देवासमोर उभं राहिल्यावर कळलं असावं. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. हाताचा व्रण दुसऱ्या हाताने दाबून ते तसेच उभे राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं की बोला, आता तरी बोला.

बाबा काहीच बोलले नाहीत. मग त्या न मागितलेल्या मागण्याला काका एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा."